चार नौका ओलांडून

आमच्या घरी येणाऱ्या पाहुण्याला उन्हाळ्यात चार परकी घरे ओलांडून यावे लागते. वाचकांना हे विचित्र वाटेल, म्हणून आधी आमच्या घराचा पत्ता सांगते. पोर्तुगालची राजधानी लिस्बन; तिच्या पश्चिमेला सुमारे सतराशे किलोमीटरवर, भर अटलांटिक महासागरात अझोर्स हा नऊ बेटांचा समूह आहे. त्यांपैकी फायाल या बेटावर ओर्ता नावाचे लहानसे बंदर आहे. या बंदरात गेली तीन वर्षे माझे यजमान आणि मी एका शिडाच्या नौकेवर राहतो. नौकेची लांबी अकरा मीटर, रुंदी जेमतेम साडेतीन मीटर. तिचे नाव ‘कृष्णाई’. यजमानांचे बालपण सांगलीजवळ कृष्णाकाठी गेले, पोहणे ते त्या नदीत शिकले, म्हणून हे नाव. येथील लोकांना ते धड उच्चारता येत नाही. पण नदीचे नाव आहे असे सांगितले की मान डोलावतात.

ओर्ताचे नौकाबंदर 1986 साली सुरू झाले. त्याआधीही अटलांटिक ओलांडणारी गलबते येथे थांबत असत. कॅरिबियन बेटांकडून युरोपला परतणाऱ्या नौका मे-जून महिन्यांत दोन-तीन आठवड्यांचा सलग सागरप्रवास करून येथे पोचतात. त्या दिवसांत बंदरात जागा उरत नाही. मग धक्क्याच्या भिंतीला एक नौका, तिला खेटून दुसरी, दुसरीला तिसरी, अशा पाच-पाच नौका एकमेकींना बांधल्या जातात. हिवाळ्यात आम्हाला तरंगत्या फलाटावर जागा मिळते. उन्हाळ्यात मात्र आम्हीही या रांगेत असतो. मागच्या वर्षी जूनमध्ये आमचा क्रमांक पाचवा होता, आणि नेमक्या त्याच महिन्यात सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या.

सासूबाईंचे वय अडुसष्ट. मामंजींना जाऊन चार वर्षे झाली. थोरले दीर पुण्याला असतात, आणि गावच्या वाड्यात सासूबाई एकट्या राहतात. सूर्यास्तानंतर अन्न नाही, कंदमुळे नाहीत, पाणी गाळल्याशिवाय नाही, अष्टमी-चतुर्दशीला उपवास, हे त्यांचे नेम मी लग्न होऊन घरात आले तेव्हापासून पाहत आले आहे. परदेश त्यांनी कधी पाहिला नव्हता, आणि पाहण्याची इच्छाही कधी बोलून दाखवली नव्हती. फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. “मी जूनमध्ये येते. आषाढाच्या आत मला परत पोचवा,” एवढेच त्या बोलल्या.

आम्ही दोघांनी याचा एकच अर्थ लावला. आई मुलाला परत न्यायला येत आहेत. लिस्बनमधली संगणकाची चांगली नोकरी सोडून मुलगा नौकांच्या विजेच्या तारा जोडत बसतो, सून नौकेच्या पोटात बसून दूरच्या कंपनीचे हिशेब लिहिते, घराला ना उंबरठा ना तुळई. नातलगांत याची चर्चा होत होतीच. यजमानांनी आपली उत्तरे तयार ठेवली. मीही माझी ठेवली. खरे सांगायचे तर माझ्या उत्तरांत थोडा राग होता आणि बरीचशी भीती होती.

विमानतळावरून बंदरात पोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेसहा झाले होते, पण ऊन दुपारसारखे लख्ख होते. खाडीपलीकडे पिको बेटावरचा ज्वालामुखी पर्वत उभा होता. त्याची उंची 2351 मीटर, पोर्तुगालमधील सर्वांत उंच शिखर ते हेच. त्या दिवशी त्याच्या माथ्यावर ढग नव्हता. सासूबाईंनी पर्वताकडे पाहून हात जोडले आणि मग धक्क्याखालच्या त्या नौकांच्या रांगेकडे पाहिले.

“यातली आपली कोणती?”

“सर्वांत पलीकडची,” यजमान म्हणाले.

परक्या नौकेवरून जाण्याचे काही शिष्टाचार नाविकांत ठरलेले आहेत. नौकेच्या मागच्या भागात माणसे बसतात, जेवतात, म्हणून तेथून जायचे नाही. पुढच्या टोकाकडून जायचे. मोठ्याने बोलायचे नाही, खिडकीतून आत पाहायचे नाही, पाऊल हलके टाकायचे. हे सारे मी त्यांना समजावून सांगणार, तोच त्यांनी खाली वाकून पायांतल्या चपला काढल्या आणि हातातल्या पिशवीत ठेवल्या. “दुसऱ्याच्या घरातून चपला घालून कसे जायचे?” त्यांनी विचारले. पहिली नौका एका डच जोडप्याची होती. त्यांच्या डेकवर अनवाणी पाय पडताच त्या गृहस्थांनी टोपी काढून त्यांना अभिवादन केले. त्या बंदरात यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र मिळत नाही.

दुसऱ्या नौकेवर दोन लहान मुलांचे एक फ्रेंच कुटुंब होते. त्या मुलांच्या आईने सासूबाईंचा कोपर धरून त्यांना पुढे नेले. तिसऱ्या नौकेवर एक वृद्ध इंग्रज गृहस्थ एकटेच राहत होते. दोन नौकांच्या कठड्यांत फूटभर अंतर होते आणि खाली काळे पाणी दिसत होते. आजोबांनी आतून एक लाकडी खोके आणून पायरीसारखे ठेवले. सासूबाई निघेपर्यंत ते खोके त्यांनी तेथून हलवले नाही. चौथ्या नौकेवरचे नॉर्वेजियन तरुण झोपले होते, म्हणून आम्ही चोरपावलांनी गेलो. अशा रीतीने, काठाची साडी गुडघ्यापर्यंत खोचून, सासूबाई ‘कृष्णाई’वर आल्या. खाली उतरण्याची शिडी पाहून त्यांनी एकच प्रश्न विचारला, “माळ्यावर चढायची शिडी उलटी लावली आहे का?”

घर दाखवायला तीन मिनिटे पुरली. पुढच्या टोकाला एक निमुळती खोली, ती त्यांना दिली. मध्ये बैठक, तीच जेवणाची जागा आणि तेच माझे कार्यालय. एका बाजूला ओटा, समोर दोन हात लांबीचे टेबल. माझे कपडे एका पिशवीत, यजमानांचे दुसऱ्या पिशवीत. भांडी सात. नौकेवर एखादी नवी वस्तू आली की जुनी एक वस्तू बाहेर जाते, कारण ठेवायला जागा नसते आणि वजन वाढले की नौका पाण्यात खाली बसते. हे मी थोड्या अभिमानाने सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि आपली पेटी उघडली. तीत चार साड्या, एक शाल, पूजेचे पुस्तक, जपमाळ आणि पाणी गाळण्याचे दोन सुती छन्ने एवढेच त्यांचे सामान होते. बाकी सारी पेटी आमच्यासाठी होती: शेंगांची चटणी, भडंग, मुगाचे सांडगे, पापड आणि मेतकूट. माझा अभिमान तेथेच थोडा कमी झाला.

नौकेवरची शेगडी दोन खिळ्यांवर झोक्यासारखी टांगलेली असते. समुद्रात नौका कलली तरी शेगडी सपाट राहते आणि पातेल्यातले वरण सांडत नाही. सासूबाईंना या युक्तीचे फार कौतुक वाटले. पिण्याच्या पाण्याची टाकी तीनशे लिटरची. ते पाणी पायाने दाबायच्या पंपाने येते. पाय थांबला की धार थांबते. आम्हा दोघांना मिळून दिवसाला पन्नास लिटर लागते, आणि ही आमची मोठी काटकसर असे मी मानत होते. सासूबाईंना बारा लिटर पुरले. तोटीला छन्ना बांधून त्या तांब्याभर पाणी घेत, तेवढे पुरवून वापरत. एके दिवशी यजमान टाकीचा काटा पाहून म्हणाले, “आई आल्यापासून टाकी चार दिवस जास्त चालते.” त्यावर त्या म्हणाल्या, “विहिरीतून पाणी शेंदणाऱ्या बाईला पाण्याचे वजन ठाऊक असते.”

जूनमध्ये येथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. पहिल्या दिवशी यजमानांनी आईला चिडवले, “आई, येथे तुला नऊपर्यंत जेवायची मुभा आहे.” “मुभा आहे म्हणून खात बसायचे का?” असे म्हणून त्यांनी सहाला ताट मांडायला सांगितले. आम्हीही त्यांच्याबरोबर सहाला जेवू लागलो. मग जेवणानंतरचे तीन तास उजेड उरत असे. त्या उजेडात आम्ही तिघे डेकवर बसत असू. लग्नानंतरच्या नऊ वर्षांत त्यांच्याशी मी इतका वेळ सलग कधी बोलले नव्हते.

भाषेची अडचण येईल असे मला वाटले होते. मंडईत पहिल्याच दिवशी उलटे घडले. मी भाजीवाल्या बाईंना बटाट्यांकडे बोट दाखवून नको म्हणत होते, तेव्हा त्या बाई म्हणाल्या, “बटाटा?” सासूबाई चमकल्या. “यांना मराठी येते?” मग मी त्यांना सांगितले, की बटाटा हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. चावी, साबण, बादली, पाव, अननस, काजू, कोबी, परात, फीत हे सारे शब्द त्यांच्याचकडून आले. बादलीला हे ‘बाल्द’ म्हणतात, चावीला ‘शाव्ह’, कोबीला ‘कोव्ह’. गोवा आणि वसईच्या वाटेने हे शब्द आपल्या घरात शिरले आणि आपलेच होऊन राहिले. भारताकडून परतणारी पोर्तुगीज गलबते वाऱ्याच्या सोयीसाठी याच द्वीपसमूहावरून लिस्बनला जात. 1499 साली पहिल्या सफरीवरून परतताना वास्को द गामाचा भाऊ पाउलो याच बेटांपैकी तेर्सेरा बेटावर वारला.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई एकट्याच मंडईत जाऊ लागल्या. ‘सें’ म्हणजे ‘विना’ एवढा एक शब्द त्यांनी शिकून घेतला. “सें बटाटा,” असे त्या ठणकावून सांगत. आमच्या बंदरातल्या एका खानावळीतल्या आचाऱ्याने कांदा, लसूण, बटाटा यांविना केवळ श्रावणघेवडा, भोपळा आणि टोमॅटो घालून त्यांच्यासाठी भाजी केली. अर्थात भांडी वेगळी नव्हती, म्हणून त्यांनी ती खाल्ली नाही. परंतु आचाऱ्याचे मन मोडू नये यासाठी त्याच्याकडून एक अननस विकत घेतला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला शेंगांच्या चटणीची पुडी नेऊन दिली. ही चटणीही ‘सें’ लसणीची होती.

आमच्या पत्त्याचा प्रश्न त्यांना फार दिवस छळत होता. नौकेला घरक्रमांक नसतो. बंदरासमोर ‘पीटर कॅफे स्पोर्ट’ नावाचे 1918 पासूनचे एक उपाहारगृह आहे. खलाशांची पत्रे ते लोक पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून ठेवतात. कोण कधी येईल याचा नेम नसतो, पण पत्र वाट पाहत राहते. सासूबाईंनी पाठवलेली दिवाळीची पत्रे आम्हाला तेथेच मिळत. एके सकाळी त्या मला म्हणाल्या, “माझी पत्रे जिथे थांबत होती ती जागा दाखव.” मी थोडी संकोचले, कारण तेथे मद्यही मिळते. त्या आत गेल्या, भिंतीवरच्या जगभरच्या झेंड्यांकडे पाहिले, पत्रे ठेवण्याची जागा पाहिली, त्या माणसाला नमस्कार केला आणि बाहेर आल्या. “बरे झाले पाहिले,” एवढेच म्हणाल्या. हे वाक्य त्या मुक्कामात त्यांनी पुष्कळदा उच्चारले. त्याचा अर्थ मला नंतर कळला.

पोर्तो पी या खाडीच्या काठी व्हेल माशांची चरबी वितळवण्याचा जुना कारखाना आहे. आता तेथे संग्रहालय आहे. या बेटांवरचे लोक उघड्या होड्यांतून, हाताने भाला फेकून स्पर्म व्हेलची शिकार करीत. टेकड्यांवर पहारेकऱ्यांच्या चौक्या असत. दूर समुद्रात व्हेलचा फवारा दिसला की पहारेकरी दारूचा बाण उडवी, आणि शेतांत काम करणारी माणसे कुदळ टाकून होड्यांकडे धावत. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात ही शिकार थांबली. सासूबाई कारखान्याच्या दारापर्यंत आल्या, आतल्या मोठ्या कढया पाहून तेथूनच परतल्या आणि खाडीकाठच्या कट्ट्यावर डोळे मिटून बसल्या.

त्या इतक्या खिन्न झाल्या, की मी त्यांना तसेच घरी नेऊ शकले नाही. आम्ही टेकडीवरच्या एका चौकीपाशी गेलो. पांढऱ्या भिंतींची लहानशी खोली, समुद्राकडे आडवी फट, आणि आत दुर्बीण लावून बसलेला एक मनुष्य. शिकार थांबली तरी चौक्या बंद पडल्या नाहीत. व्हेल पाहायला येणाऱ्या प्रवाशांच्या बोटींना आता याच चौक्यांतून दिशा सांगितली जाते, आणि आरंभी हे काम करणाऱ्यांत जुने शिकारी पहारेकरीही होते. सासूबाईंनी त्या माणसाला माझ्याकरवी विचारले, की त्याचे वडील हेच काम करीत होते का. तो म्हणाला, वडील होडीत भाला घेऊन बसत. मी येथे बसतो. मग त्याने त्यांना दुर्बिणीपाशी बसवले. दहा मिनिटांनी त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “धूर दिसला.” तो फवारा होता. त्या पुष्कळ वेळ डोळा लावून बसल्या. परतताना वाटेच्या दोन्ही कडांना हायड्रेंजियाची निळी फुले उमलू लागली होती. या फुलांमुळे फायालला निळे बेट म्हणतात. त्या म्हणाल्या, “माणूस तोच, जागा तीच. नुसती दृष्टी पालटली.”

रात्री मात्र त्यांना झोप लागत नसे. येथे कागार्रो नावाचे समुद्रपक्षी आहेत. दिवसभर ते समुद्रावर असतात आणि अंधार पडला की आक्रोश करीत कड्यांकडे परततात. तो आवाज तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखा असतो. पहिल्या रात्री त्या उठून बसल्या, “कोणाचे मूल रडते आहे, बघा तरी.” मी त्यांना सांगितले, की शरद ऋतूत या पक्ष्यांची पिले प्रथमच उडतात तेव्हा गावातल्या दिव्यांनी भांबावून रस्त्यांवर पडतात. तेव्हा बेटावरची माणसे, शाळेतली मुलेसुद्धा, रात्री त्यांना उचलून खोक्यात ठेवतात आणि सकाळी समुद्रावर सोडतात. हे ऐकल्यावर त्या आवाजाची त्यांना भीती वाटेनाशी झाली.

चौदाव्या रात्री वारा फिरला. पूर्वेकडून वारा आला की बंदरात लाटा शिरतात. रात्री तीनच्या सुमारास पाचही नौका एकमेकींवर आदळू लागल्या, दोर करकरू लागले. यजमान वर धावले. प्रत्येक नौकेवरचे लोक उठले होते. शेवटच्या नौकेचा भार पहिलीवर पडू नये म्हणून बाहेरच्या नौकांनी पुढून आणि मागून थेट धक्क्याला लांब दोर बांधायचे असतात. आमचा मागचा दोर एका जागी घासून अर्धा झिजला होता. नवा दोर न्यायचा तर चार नौकांवरून, पावसात, हातोहात पोचवायला हवा होता. यजमानांनी दोराचे टोक नॉर्वेच्या मुलांकडे दिले, त्यांनी इंग्रज आजोबांकडे, आजोबांनी फ्रेंच गृहस्थांकडे. डच गृहस्थांनी धक्क्यावर उडी मारून तो कडीला बांधला. मी दोन नौकांच्या मधले रबरी फुगे सरळ करीत होते. वळून पाहते तो सासूबाई शिडीच्या वरच्या पायरीवर, डोक्यावर पदर घेऊन, दोन्ही हातांनी विजेरी धरून उभ्या होत्या. उजेड मुलाच्या हातांवर होता आणि तो जराही हलत नव्हता.

पहाटे वारा पडला. त्यांनी सर्वांसाठी आले न घालता वेलदोड्याचा चहा केला. चहाची पत्ती सांव मिगेल या बेटावरची होती; तेथे एकोणिसाव्या शतकापासून चहाचे मळे आहेत. पाच नौकांवरचे अकरा लोक आमच्या डेकवर दाटीवाटीने बसून चहा प्याले. इंग्रज आजोबांना त्यांनी दुसऱ्यांदा चहा दिला, कारण, त्या मला हळूच म्हणाल्या, “यांचे कोणी नाही वाटते.”

त्याच सकाळी मी धीर केला. यजमान दोर गुंडाळत होते. मी विचारले, “आई, तुम्ही आम्हाला परत न्यायला आला आहात ना?”

त्यांना आश्चर्य वाटले. “न्यायला? तुम्ही काय पोरे आहात?” थोडे थांबून त्या बोलू लागल्या. येत्या चातुर्मासात आर्यिका माताजींकडून त्या दिग्व्रत घेणार होत्या. श्रावकाच्या बारा व्रतांत हे एक. दाही दिशांना जाण्यायेण्याची मर्यादा आखायची आणि जन्मभर तिच्याबाहेर पाऊल टाकायचे नाही. मर्यादा कशाने आखायची, तर सर्वांना ठाऊक असलेल्या समुद्राने, नदीने, डोंगराने, देशाने, असे आचार्य समंतभद्रांनी श्रावकाचारात सांगितले आहे. त्यांनी आपल्या सीमा मनाशी ठरवल्याही होत्या. पूर्वेला सम्मेद शिखर, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, उत्तरेला हस्तिनापूर, पश्चिमेला गिरनार आणि आपला समुद्रकिनारा.

“म्हणजे येथे पुन्हा नाही?” मी विचारले.

“पुन्हा नाही. म्हणून तर आधी आले.” त्या पिको पर्वताकडे पाहत होत्या. “पाऊल आवरणे मला जड नाही, ग. मन आवरणे जड आहे. रोज रात्री दिवा मालवला की ते इकडे येते. पाणी दिसते, बाकी काही दिसत नाही. माझा मुलगा कुठे झोपतो, काय खातो, शेजारी कोण, काही दिसत नाही. व्रत घेतल्यावरही ते यायचे थांबेल असे नाही. मग येऊन बसायचे कुठे, एवढे तरी त्याला ठाऊक हवे.”

यजमान दोर हातात धरून तसेच उभे राहिले. आम्ही तयार ठेवलेल्या उत्तरांपैकी एकही त्या दिवशी उपयोगी पडले नाही.

ओर्ताच्या बंदराची एक प्रथा प्रसिद्ध आहे. येथे येणारी प्रत्येक नौका निघण्यापूर्वी धक्क्याच्या काँक्रीटवर एक चित्र रंगवते. नौकेचे नाव, वर्ष आणि एखादी आकृती. अशी हजारो चित्रे एकमेकांना चिकटून आहेत. ऊन-पावसाने जुनी पुसट होतात आणि त्यांच्या जागी नवी येतात. चित्र न काढता निघाल्यास पुढचा प्रवास सुखाचा होत नाही, असा खलाशांचा समज आहे. आम्ही तीन वर्षांत काढले नव्हते, कारण आम्ही निघालोच नव्हतो. सासूबाई म्हणाल्या, “शकुन-अपशकुन मला पटत नाही. पण मी येऊन गेले, एवढे लिहून ठेवावेसे वाटते.”

निघण्याच्या आदल्या दिवशी रंगांचे डबे घेऊन आम्ही धक्क्यावर बसलो. त्यांनी खडूने ठिपके मांडले आणि सवयीने मधोमध स्वस्तिक काढायला घेतले. दोन रेघा पडल्या होत्या. मी त्यांचा हात धरला. हे चिन्ह या खंडात कशाची आठवण करून देते, लाखो निरपराध माणसांना मारणाऱ्यांच्या झेंड्यावर त्याच्यासारखी आकृती कशी होती, हे मी त्यांना सांगितले. सांगताना मला लाज वाटत होती. घरच्या उंबरठ्यावर त्यांनी आयुष्यभर जे काढले, तेच पुसायला मी सांगत होते. त्या बराच वेळ त्या दोन रेघांकडे पाहत राहिल्या.

“आपल्या मनात तसे काही नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही, आई.”

“पण पाहणाऱ्याच्या मनात जखम असेल तर?” असे म्हणून त्यांनी पदराने नव्हे, हाताच्या तळव्याने त्या रेघा पुसल्या. त्यांच्या जागी आठ पाकळ्यांचे कमळ काढले. फ्रेंच मुलांनी पाकळ्या निळ्या रंगाने भरल्या. एक पाकळी रेघेबाहेर गेली, ती त्यांनी तशीच ठेवू दिली. खाली यजमानांनी देवनागरीत ‘कृष्णाई’ लिहिले आणि वर्ष घातले.

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी चारही नौकांवर थांबून निरोप घेतला. इंग्रज आजोबांच्या खोक्यावर पाय देण्यापूर्वी त्यांनी ते पाय न लावता हाताने एकदा स्पर्शून पाहिले. आपला एक छन्ना त्यांनी आमच्या तोटीला बांधून ठेवला होता, तो सोडला नाही.

आषाढ शुद्ध चतुर्दशीला त्यांनी व्रत घेतले. आता दरवर्षी पर्युषणात आम्ही त्यांच्या मर्यादेच्या आत जातो. मागच्या भाद्रपदात गेलो तेव्हा वाड्यात पाच आठवडे राहिलो, आणि माझे हिशेबाचे काम मी माजघरात बसून केले.

यंदाचा उन्हाळा आला आहे. भिंतीकडच्या रांगेत पुन्हा गर्दी आहे. डच जोडपे, फ्रेंच कुटुंब, इंग्रज आजोबा, नॉर्वेची मुले आपापल्या वाटांनी गेली. त्यांच्या जागी दुसऱ्या नौका आहेत. कमळाचा निळा रंग एका बाजूने उडाला आहे. आमच्याकडे दुपार कलू लागते तेव्हा गावी रात्र झालेली असते आणि सासूबाईंचा फोन येतो. पूर्वी त्या विचारीत, कसे आहात. आता आधी विचारतात, “आज मध्ये किती नौका आहेत?”

“आज तीन,” मी सांगते.

मग पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. मीही बोलत नाही. त्या चपला काढत असतील, असे मला वाटते.